आठव्या घरातली भाकरी

आमच्या गल्लीतल्या जुन्या बायका अजूनही सांगतात, की त्या वेळी मुंबईच्या कंपनीने चूक केली आणि भलत्याच माणसाला मानपत्र दिलं. मी जवळपास असलो तर माझ्याकडे बघून विचारतात, "काय हो, खरं की न्हाय?" मी मान हलवतो. अशी मान हलवत हलवत मी ऐंशीच्या पुढे आलो. कंपनीने चूक केलेली नव्हती. चूक कुणाची होती ते आता लिहून ठेवतो.

आणीबाणी उठून दोन-एक वर्षं झाली असतील. मी लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याकडे फिरता विक्रेता होतो. सायकलला पिशव्या अडकवायच्या आणि तेल, चहा, मसाल्याच्या पुड्या यांच्या ऑर्डरी घेत पेठापेठांतून फिरायचं, हे काम. काम आवडायचं. पाय दुखायचे, पण दिवसभर माणसं भेटायची. फक्त नोकरी कायम नव्हती, आणि घरी लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं.

एके दिवशी मालकांनी बोलावलं. ज्या मुंबईच्या कंपनीचं तेल आणि मसाले आम्ही विकत होतो, त्या कंपनीची एक बाई येणार होती. सोबत कॅमेरा, दिवे आणि ते चालवणारा एक माणूस. कोल्हापुरातल्या आठ साध्या घरांत बायका रोजचा स्वयंपाक कसा करतात, याची फिल्म घ्यायची होती. तेल पळीने घालतात की डब्यातून ओततात, मसाला कधी पडतो, झाकण कधी ठेवतात, असलं सगळं. "घरं तू शोधायचीस," मालक म्हणाले. "बाईंनी तुझ्याबद्दल चांगलं लिहून दिलं, तर कंपनी तुला कायम करून घेईल. मी शब्द टाकलाय."

सोबत एक छापील अर्ज होता. घरात माणसं किती, तेल कोणतं, नातेवाइकांत कुणी तेला-मसाल्याच्या धंद्यात आहे का. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात: गृहिणी स्वतः स्वयंपाक करते का.

मला वाटलं होतं, आठ घरं म्हणजे एका दुपारचं काम. पण दारात उभं राहून "तुमचा स्वयंपाक बघायचाय" म्हणणारा माणूस कोल्हापुरात तोवर कुणी पाहिलेला नव्हता. मंगळवार पेठेत एका म्हातारीने मला आधी उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"पावणं, नसबंदीचं न्हाय न्हवं?"

"नाही हो आजी. फिल्म घ्यायचीय. स्वयंपाकाची."

"स्वयंपाकाची? कंपनीला चूल बघायची असंल तर घरला जाऊन आपल्या आईची बघा म्हणावं की!"

दुसऱ्या एका घरात घरधनी रेशन कार्ड घेऊनच बाहेर आले आणि काही विचारायच्या आत घरातली माणसं मोजून दाखवू लागले. एका वकिलांनी अर्ज तीनदा वाचला आणि म्हणाले, "यात आमच्या मंडळींची सही कशाला? उद्या जप्ती आली तर?" तरीही चार दिवसांत सात घरं जमली. कुणी मास्तर, कुणी बँकेतले, एक शाहूपुरीतलं धान्याच्या व्यापाऱ्याचं घर, जिथे सासू सुनेशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत भांडायची.

मग बाई आल्या. तिशीच्या असतील. केस कापलेले, हातात पुठ्ठ्याची वही. मराठी अजिबात येत नव्हतं, कॅमेरावाल्यालाही नाही. हिंदी आणि इंग्रजी बोलायच्या. माझं हिंदी सिनेमाचं आणि विक्रीचं, पण कामापुरतं होतं. म्हणून ठरलं, की त्या हिंदीत विचारतील, मी बायकांना मराठीत सांगेन आणि उत्तर परत हिंदीत त्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, की नुसतं विचारलं तर लोक चांगलं दिसेल तेच सांगतात, म्हणून ही फिल्म. कॅमेरा खोटं बोलत नाही. मला ते फार पटलं होतं.

पहिल्या घरात आम्ही गेलो तो मंगळवार होता. आत पाऊल टाकताच वास आला. चुलीवर मटण. तांबडा रस्सा एका पातेल्यात, पांढरा दुसऱ्यात, आणि पाटावर लिंबं चिरून तयार.

"वहिनी, रोजचं करा म्हटलं होतं ना?"

"रोजचंच हाय की. वाईच रस्सा जास्त केलाय."

दुसऱ्या घरीही मटण. तिसऱ्या घरी कोंबडी, कारण मास्तरांच्या बायकोने शेजारच्या पेठेत काय शिजलं ते ऐकलं होतं. व्यापाऱ्याच्या घरी मटणाचा प्रश्न नव्हता, तिथे शेंगाची पोळी, पुरणाची पोळी, चार चटण्या, आणि सासूबाईंनी कॅमेऱ्यासाठी घातलेलं ठेवणीतलं लुगडं. आमच्याकडे घरी आलेल्या माणसापुढे भाजी-भाकरी ठेवणं म्हणजे "उठा आता" म्हणण्यासारखं. मुंबईहून मोटार करून आलेल्या बाईंना आमटी दाखवायची, हे कुणाच्या मनाला पटेना. बाई आणि कॅमेरावाला पहिले दोन दिवस खूश होते, भरपूर जेवले. तिसऱ्या दिवशी कॅमेरावाला गोळ्या शोधत होता.

सातव्या घरानंतर मोटारीत बसताना बाई मला म्हणाल्या, की कोल्हापूरचे लोक रोज असं जेवत असतील तर त्यांना आमच्या तेलाची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. मग हसू आवरून सांगितलं, आठवं घर खरोखर साधं मिळालं नाही, तर हे सगळं काम वाया गेलं असं मला लिहावं लागेल.

आठवं घर माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. आमच्या घरापासून तिसरं.

तिथे हवालदार आणि वहिनी राहत. हवालदार सैन्यातून पेन्शनीत आलेले, उद्यमनगरात एका फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जायचे. गल्लीत सगळे त्यांना हवालदारच म्हणत. मूलबाळ नव्हतं. वहिनी गडमुडशिंगीच्या. बोलायला तोफ, पण मनाने मऊ. आणि त्या घरची भाकरी! पातळ, पापुद्रा सुटलेली, तव्यावरून उतरून तासभर झाला तरी मऊ. सकाळी नळावर पाण्याला उभं राहिलं, की त्यांच्या बंद दारामागून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. सारख्या अंतराने, एका लयीत, मध्ये एकच थांबा, की तिथे भाकरी तव्यावर गेली हे कळायचं. बायका सुनांना सांगायच्या, "ऐक, असा हात पायजे. वहिनीसारखा." गल्लीत कुणी आजारी पडलं, की त्या घरची भाकरी-आमटी जायची. आमचं लग्न झालं तेव्हा पहिले आठ दिवस आम्ही तेच जेवलो.

संध्याकाळी जाऊन विचारलं. उद्या सकाळी येतो, मटण करायचं नाही, रोजचंच करा.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"कॅमेऱ्यात बोललेलं पन येतंय काय?" त्यांनी विचारलं.

"येतं की. आवाजासकट."

"मग या," त्या म्हणाल्या. हवालदार मला दारापर्यंत सोडायला आले. एवढ्याशा अंतरासाठी ते कधी यायचे नाहीत.

सकाळी मोटार यायच्या अर्धा तास आधी मी त्यांच्याकडे गेलो, मटण नाही ना ते बघायला. मागच्या दाराने गेलो. चुलीपुढे हवालदार बसले होते. समोर पीठ मळायची काटवट, कोपरापर्यंत पीठ, आणि हाताखाली भाकरी गरगर फिरत होती. तो आवाज मी रोज ऐकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"ये, बस," ते म्हणाले. लाज नाही, घाई नाही.

वहिनींनी उजवं मनगट पुढे केलं. अकरा वर्षांपूर्वी माहेरच्या विहिरीवर पडल्या, हाड वाकडं बसलं. फोडणी देता यायची, भाजी ढवळता यायची. मळणं, थापणं, वाटणं काही होईना. हवालदारांनी सैन्यात लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, काम केलेलं, त्यांनी हातात घेतलं. "पयल्यांदा मलाच लाज वाटली," वहिनी म्हणाल्या. "मान्साला बायकांचं काम लावलं म्हनतील. तालमीतली पोरं ह्यास्नी चिडवतील. म्हनून दार लावलं. मग लोक भाकरी वानायला लागले आन् ते दार उघडायचंच ऱ्हायलं. अकरा वर्सं दुसऱ्याची शाबासकी खातोय आमी, भावजी. पोट दुखतंय आता."

"आज सांगायचं ठरलंय तिचं," हवालदार म्हणाले. त्यांनी दाढी केलेली होती. मागे खुंटीवर इस्त्रीचा सदरा टांगलेला होता. पीठ धुऊन ते तो घालणार होते.

मला त्या क्षणी काय दिसलं असेल? त्या सदऱ्याकडे बघूनही मला अर्जावरचं जाड अक्षर दिसलं. गृहिणी स्वतः स्वयंपाक करते का. तिथे मी आदल्या संध्याकाळीच "होय" लिहून दिलं होतं. नववं घर शोधायला वेळ नव्हता, बाई दुपारी पुण्याला निघणार होत्या.

"वहिनी, आजच्या दिवस नको," मी म्हणालो. "नंतर मी स्वतः सगळ्या गल्लीला सांगतो. आज तुम्ही नुसत्या चुलीपुढे बसा, आमटीला फोडणी द्या. भाकरी झालेल्याच आहेत, त्या टोपलीत दाखवू. हवालदार, तुम्ही जरा मागच्या दारी थांबा. पुरुष माणूस चित्रात नको, असा नियम आहे."

असा नियम नव्हता.

हवालदारांनी हात धुतले. खुंटीवरचा सदरा खुंटीवरच राहिला. वहिनी गप्प होत्या. मी तो होकार समजलो.

बाई आल्या, दिवे लागले, अर्धी गल्ली खिडकीला लोंबकळली, तिला कॅमेरावाल्याने हाकललं. वहिनींनी फोडणी दिली. बाईंना हवं तसंच सगळं, साधं, रोजचं. तेलाची पळी, वर्षाच्या चटणीची बरणी, तुरीची आमटी. बाई माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. मग त्यांनी टोपलीतली एक भाकरी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "ये रोटी आप ही बनाती हैं?"

मी वहिनींना सांगितलं, "भाकरी तुम्हीच करता का, विचारतायत."

वहिनींनी पदर नीट केला. कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"न्हाय बाई. ही भाकरी मी केलेली न्हाय. अकरा वर्सं झाली, माझ्या ह्या हातानं भाकरी हुईत न्हाय. आमच्या घरात भाकरी आमचं ह्ये करत्यात. माझं नुसतं नाव हाय, हात त्येंचा हाय. सगळ्यांम्होरं एकदा सांगायचं हुतं, ते सांगितलं."

एवढं बोलून त्या हसल्या. इतकं मोकळं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटतं, दोनच श्वास मी थांबलो असेन. मग म्हणालो, "कहती हैं, हां, रोज मैं ही बनाती हूं. मेरे पति तो सिर्फ खाना जानते हैं. उनको बनाने को बोलूंगी तो घर जला देंगे."

बाई खळखळून हसल्या. कॅमेरावालाही हसला. वहिनींचं हसू मावळलं. आपण जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि आमटीवर झाकण ठेवलं.

बाईंनी माझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं. फिल्मवरचं मराठी मुंबईत कुणी ऐकलंच नसावं. दोन महिन्यांनी कंपनीकडून एक खोकं आलं. त्यात स्टीलचे डबे आणि काचेच्या चौकटीत एक मानपत्र, "आदर्श गृहिणी" असं लिहिलेलं. आठ घरांतून बाईंना आवडलेलं घर वहिनींचंच होतं. ते गल्लीत सगळ्यांसमोर द्यायचं कामही माझ्याकडे आलं. मी दिलं. हवालदारांनी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि भिंतीला खिळाही स्वतः ठोकला.

त्यानंतर महिन्याभरात मी कंपनीत कायम झालो. गल्लीत पेढे वाटले. आनंदात होतो, खोटं कशाला सांगू. आमच्या मंडळींना पहिल्यांदा नवी साडी घेतली ती त्याच आठवड्यात.

पेढे वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गर्दी होती. मी बादली लावून उभा होतो. कोपऱ्यावरच्या घरातली मावशी, जिचा आवाज सगळ्या नळाला पुरायचा, ती आपल्या सुनेला वहिनींच्या भाकरीवरून टोमणे मारत होती. वहिनी म्हणाल्या, "मावशी, तिला कशाला बोलताय? मला कुटं येती भाकरी? ती हवालदार करत्यात."

सगळ्या बायका हसल्या.

"आता कंपनीनं फोटुच्या चौकटीत लिवून दिलंय, तरी हिचा नखरा बघा!" मावशी म्हणाली. "हवालदार भाकरी करत्यात म्हनं. उद्या म्हनशील, लुगडी बी त्येच नेसत्यात!"

वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी तर तितं हुतासा. तुमी सांगा की ह्यास्नी."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझी बादली भरून वाहत होती. मी म्हणालो, "वहिनींची चेष्टा तुम्हाला माहीत नाही का मावशी?"

पुन्हा हशा पिकला. वहिनींनी घागर उचलली, डाव्या हाताने, आणि गेल्या. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझ्याशी वागणं तसूभर बदललं नाही. मला मुलगी झाली तेव्हा तिच्या आईसाठी दीड महिना त्या घरून भाकरी येत होती. मी ती खात होतो. चवीला काही कमी नव्हती, एवढंच सांगतो.

पुढची वर्षं बरी गेली. फिरती वाढली, जयसिंगपूर, इचलकरंजी, निपाणीपर्यंत जायचो. परत येऊन सकाळी नळावर उभं राहिलं की त्या दारामागचा आवाज ऐकू यायचा आणि आपण घरी आलो असं वाटायचं.

मग वहिनी गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. तो आवाज थांबला.

गल्लीने हवालदारांना एकटं पाडलं नाही. बायकांनी वार वाटून घेतले. सोमवारी अमक्याच्या घरून डबा, मंगळवारी आमच्याकडून, बुधवारी मावशीकडून. "बिचाऱ्याला चुलीचं तोंड म्हाईत न्हाय, करनार काय?" मावशी म्हणायची. एका बाईने तर त्यांना भात कसा लावायचा ते शिकवलं. पाणी किती, बोटाची पेरं किती. हवालदार मान डोलवत ऐकत होते. मी त्या वेळी दारात होतो. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

एका मंगळवारी डबा घेऊन मी गेलो आणि विचारलं, "हवालदार, तुम्ही सांगत का नाही?"

"काय सांगू? तिच्या नावाची चौकट हाय भिंतीवर." ते डबा उघडत म्हणाले, "आनि बायका मायेनं आनत्यात रं. तुझ्या घरचं चांगलं असतंय. मावशीच्या भाकरीनं मात्र दात हलला माझा."

वहिनींना जाऊन महिना झाला त्या दिवशी सकाळी मी नळावर होतो. अचानक सगळ्या बायका गप्प झाल्या. थाप, थाप, थाप, मध्ये एक थांबा, पुन्हा थाप.

"आगं बया," मावशी कुजबुजली. "ह्यो तर वहिनीचा हात!"

बादल्या तिथेच टाकून सगळ्या धावल्या. मीही गेलो. दार सताड उघडं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चुलीपुढे हवालदार, कोपरापर्यंत पीठ, अंगात इस्त्रीचा सदरा. वहिनींच्या फोटोपुढे केळीचं पान मांडलेलं.

"तिला आज घास ठेवायचा हाय," ते वर न बघता म्हणाले. "दुसऱ्याच्या हातची भाकरी ती जेवायची न्हाय. सवय न्हाय तिला."

मग मावशीच बोलली, कारण तीच बोलणार होती. "म्हंजी इतकी वर्सं ह्यो आवाज तुमचा? मग वहिनीनं आमास्नी फसीवलंच की वो!"

हवालदारांचे हात थांबले.

"तिनं न्हाय फसीवलं. तिनं नळावर सांगितलतं, तुमी हसलासा. त्याच्या आदी कॅमेऱ्याम्होरं सांगितलतं." त्यांनी पिठाच्या बोटाने माझ्याकडे दाखवलं. "ह्यो हुता की तितं. इचारा ह्येला."

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "कॅमेऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं, भाकरी हवालदार करतात म्हणून."

"मग चौकटीत तिचं नाव कसं आलं?"

पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. "कंपनीची चूक झाली. त्या बाईंना आपली भाषा कळली नाही."

बायकांचं समाधान झालं. "मुंबईचीच ती," मावशी म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून कंपनीला भरपूर शिव्या दिल्या. मग मावशीने पदराने डोळे पुसले, फोटोला हात जोडले आणि हवालदारांना म्हणाली, "उद्यापास्नं डबा बंद. आता माझ्या सुनंला तुमीच शिकवा. माझं ऐकत न्हाय ती." हवालदार हसले. सगळे गेले.

मी निघालो तर म्हणाले, "तू बस." पानावर घास ठेवून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे ताटली सरकवली. भाकरी, खर्डा, वर तेल.

"खा. बाईला भाषा कळली न्हाय, ते खरं हाय," ते म्हणाले. "पर मला हिंदी येती की मर्दा. सोळा वर्सं मिल्ट्रीत काय मराठीत बोलत हुतो व्हय? मागच्या दारातच हुबा हुतो त्या दिवशी."



"वहिनींना सांगितलंत?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, त्येच्या नोकरीचं चाललंय, हुंदे पक्की. मग त्योच सांगंल सगळ्यास्नी. कबूल केलंय न्हवं त्यानं." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "तू पेढे वाटल्यावर वाट बघत हुती. दुसऱ्या दिवशी नळावर तुला मोका बी काढून दिला."

ते रागावलेले नव्हते. एवढं बोलून त्यांनी दुसरी भाकरी माझ्या ताटलीत टाकली आणि मी ती खाल्ली.

पुढे त्यांनी मला भाकरी शिकवली. मावशीची सून आणि मी, दोघं एकाच वेळी शिकलो. ती लवकर शिकली. आमच्या मंडळींचे गुडघे गेल्यापासून सकाळची भाकरी मीच करतो, दार उघडं टाकून. त्या आवाजाला अजून कुणी हवालदारांचा हात म्हटलेलं नाही. हवालदार गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मानपत्राची चौकट जाताना त्यांनी माझ्याकडे दिली. ती समोर भिंतीला आहे.

वहिनी खरं बोलल्या होत्या. ते मी बदललं, नळावर चेष्टेवारी नेलं, आणि शेवटी कंपनीवर ढकललं. मावशी नाही आता. पण तिची सून आहे, आणखी दोघी आहेत. उद्या नळाला पाणी आलं की हे कागद घेऊन तिथे जाणार आहे, आणि वाचून दाखवणार आहे. हसल्या तरी पुढचं वाचणार.